वार्धक्य, मनोविकार व बोधनक्षमता

अवधान, संवेदन, स्मृती, भाषा, तर्क, नियोजन आणि निर्णय या ज्या क्रियांच्या योगे मनुष्य भोवतालच्या जगाचे ज्ञान करून घेतो व त्या ज्ञानाचा उपयोग करतो, त्यांना बोधनक्रिया म्हणतात. त्या करण्याची शक्ती म्हणजे बोधनक्षमता. या सर्व क्रियांचे अधिष्ठान मेंदू हे असल्यामुळे मेंदूतील कोणत्याही बदलाचा त्यांच्यावर परिणाम होतो. उतारवयात असे बदल दोन वाटांनी घडून येतात : एक, केवळ वय वाढल्यामुळे आणि दुसरी, मेंदूच्या वा मनाच्या एखाद्या विकारामुळे. हे दोन्ही प्रकार एकाच व्यक्तीत एकत्र आढळू शकतात आणि त्यांची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखी दिसतात. ती वेगळी ओळखणे हा वार्धक्य मानसचिकित्सेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. कारण त्यांपैकी काही अवस्था उपचारांनी पूर्णपणे बऱ्या होतात, तर काही उत्तरोत्तर वाढत जातात.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण किंवा ‘म्हातारचळ’ हा शब्द यांतून वार्धक्य व बुद्धिनाश यांचे समीकरण समाजात किती रुजले आहे, हे दिसून येते. वैद्यकातही ते दीर्घकाळ रूढ होते. वृद्ध व्यक्ती विसराळू, उदास, संशयी किंवा गोंधळलेली दिसली, की तिचा मेंदू झिजला असे गृहीत धरले जाई व पुढील तपास खुंटत असे.

इतिहास : या समजुतीला शास्त्रीय धक्का मार्टिन रॉथ या मनोविकृतिवैद्यांनी १९५५ साली दिला. इंग्लंडमधील चिचेस्टर येथील ग्रेलिंगवेल रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्ध मनोरुग्णांच्या नोंदी तपासून त्यांनी त्यांचे पाच गट पाडले : भावविकृतीचे (मुख्यतः अवसादाचे) रुग्ण, उतारवयात प्रथमच संशयविकृती जडलेले, मेंदूच्या रोहिण्यांच्या काठिण्यामुळे बुद्धिभ्रंश झालेले, जराजन्य बुद्धिभ्रंशाचे आणि तीव्र स्वरूपाच्या तात्पुरत्या गोंधळाचे. या गटांची पुढील वाटचाल अगदी भिन्न असल्याचे त्यांना आढळले. जराजन्य बुद्धिभ्रंशाचे बहुसंख्य रुग्ण दोन वर्षांच्या आत मरण पावले होते, तर अवसादाचे बहुसंख्य रुग्ण बरे होऊन घरी परतले होते. सर्वांची विकृती एकाच झिजेमुळे उद्भवली असती, तर असा फरक पडला नसता. वृद्धांच्या मनोविकारांचे आधुनिक वर्गीकरण या निष्कर्षावर उभे आहे.

प्रकृत वार्धक्यातील मेंदू : प्रौढ मानवी मेंदूचे वजन सु. १,३०० ते १,४०० ग्रॅ. असते. चाळिशीनंतर त्याचे आकारमान हळूहळू घटू लागते व सत्तरीनंतर घटीचा वेग वाढतो. मेंदूतील द्रवाने भरलेल्या विवरांचा विस्तार होतो आणि पृष्ठभागावरील खाचा रुंदावतात. ही घट सर्वत्र सारखी नसते. नियोजन व आत्मनियंत्रण यांच्याशी निगडित असलेला ललाट खंडाचा पुढचा भाग आणि नव्या आठवणींच्या नोंदणीसाठी आवश्यक असलेला, शंखक खंडाच्या आतील बाजूचा अश्वमीन हा भाग यांच्यावर वयाचा परिणाम अधिक होतो. दृष्टिसंवेदनाशी संबंधित असलेला मागचा भाग पुष्कळसा टिकून राहतो.

मेंदूतील कोशिका रोज हजारोंनी मरतात व त्यामुळे बुद्धी क्षीण होते, असे विसाव्या शतकाच्या मध्यास मानले जाई. मोजणीच्या सुधारित पद्धतींनी हे मत बदलले. डेन्मार्कमधील पाकेनबर्ग व गुंडरसेन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार मेंदूच्या नवबाह्यकात सरासरीने सु. २,००० कोटी तंत्रिका कोशिका असतात आणि वयाच्या २० ते ९० वर्षांच्या दरम्यान त्यांत सु. १० टक्केच घट होते. म्हणजेच प्रकृत वार्धक्यात कोशिकांची संख्या फारशी कमी होत नाही. बदलतात ते त्यांचे परस्परसंबंध. कोशिकांच्या शाखा आखूड होतात, दोन कोशिकांमधील जोडस्थाने म्हणजेच अनुबंधने विरळ होतात, तंतूंवरील मायेलिनाचे आवरण ठिकठिकाणी झिजते आणि डोपामीन व ॲसिटिलकोलीन यांसारख्या तंत्रिका प्रेषकांचे कार्य मंदावते. सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे श्वेत द्रव्यात बारीक व्रण पडतात. परिणामी संदेशवहनाचा वेग घटतो.

प्रकृत वार्धक्यातील बोधन : वरील बदलांचे प्रतिबिंब बोधनक्रियांत पडते, पण सर्व क्रिया सारख्या प्रमाणात मंदावत नाहीत. रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. अपरिचित प्रश्न सोडविण्याची शक्ती म्हणजे प्रवाही बुद्धी, तर शिक्षण व अनुभव यांतून साठत गेलेले ज्ञान म्हणजे स्फटिकीभूत बुद्धी. पहिली तारुण्यानंतर हळूहळू उतरते. दुसरी साठी-सत्तरीपर्यंत टिकते, कित्येकदा वाढतेही. म्हणूनच वृद्ध गवयाला नवे यंत्र हाताळण्यास वेळ लागतो. परंतु शेकडो बंदिशी त्याला बिनचूक म्हणता येतात.

स्मृतीचेही असेच आहे. शब्दांचे अर्थ, आयुष्यातील ठळक घटना, पोहणे किंवा विणकाम यांसारखी अंगवळणी पडलेली कौशल्ये यांना सहसा धक्का लागत नाही. नावे चटकन न आठवणे, वस्तू कोठे ठेवली ते विसरणे, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे कठीण जाणे या तक्रारी मात्र सार्वत्रिक असतात. यात आठवण नष्ट झालेली नसते, ती वर येण्यास विलंब लागतो. थोडी खूण पटविली किंवा वेळ दिला, तर ती येते. टिमथी सॉल्टहाउस यांच्या मते उतारवयातील बोधनघटीचा मोठा भाग केवळ प्रक्रियेच्या मंदगतीने स्पष्ट होतो. कमी ऐकू येणे व कमी दिसणे यांचाही यात वाटा असतो. जे नीट ऐकूच आले नाही, ते पुढे आठवणार नाही हे उघड आहे.

मापनातील अडचणी : वेगवेगळ्या वयांच्या व्यक्तींची एकाच वेळी चाचणी घेऊन केलेल्या तुलनेत वृद्धांची घट प्रमाणाबाहेर मोठी दिसते, कारण वृद्ध पिढीला शिक्षण, आहार व आरोग्यसेवा कमी मिळालेली असते. हा दोष टाळण्यासाठी त्याच व्यक्तींचे वर्षानुवर्षे परीक्षण करावे लागते. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेतील सिॲटल येथे सुरू केलेल्या आणि दर सात वर्षांनी पुनरावृत्ती केलेल्या अभ्यासात साठीपूर्वी सरासरी घट अल्प असल्याचे व व्यक्तिव्यक्तींतील फरक मोठे असल्याचे दिसून आले. स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या मुलांची बुद्धिचाचणी १ जून १९३२ रोजी देशभर घेण्यात आली होती. इअन डिअरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी हयात असलेल्या काही व्यक्तींना वयाच्या ७७ व्या वर्षी तीच चाचणी पुन्हा दिली. वृद्धापकाळी त्यांच्यात आढळलेल्या फरकांपैकी सु. निम्मा भाग बालपणीच्या फरकांनीच स्पष्ट होत होता. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो : वृद्ध व्यक्तीची तुलना तरुणाशी किंवा शेजाऱ्याशी न करता तिच्या स्वतःच्या पूर्वस्थितीशी करावी. जन्मभर हिशोबात तरबेज असलेल्या दुकानदाराने सुट्या पैशांत चुका करणे हे गंभीर लक्षण ठरू शकते. ज्याला हिशोब कधीच जमला नाही, त्याच्या बाबतीत ते तसे ठरत नाही.

अवसाद : वृद्धापकाळी बोधनक्षमतेवर परिणाम करणाऱ्या आणि उपचारांना उत्तम प्रतिसाद देणाऱ्या मनोविकारांत अवसाद अग्रस्थानी आहे. तरुण रुग्ण मनाच्या उदासीनतेविषयी बोलतो. वृद्ध रुग्ण बहुधा अंगदुखी, बद्धकोष्ठ, अशक्तपणा, झोप न लागणे आणि ‘काही लक्षात राहत नाही’ अशा तक्रारी सांगतो. विचार मंदावतो, अवधान टिकत नाही व त्यामुळे नव्या गोष्टींची नोंद होत नाही. ही स्थिती कधी कधी बुद्धिभ्रंशासारखी हुबेहूब दिसते. लेस्ली किलोह यांनी १९६१ साली तिचे वर्णन ‘आभासी बुद्धिभ्रंश’ या नावाने केले. अवसाद ओसरला, की बोधनक्षमता मोठ्या प्रमाणात पूर्ववत होते.

अवसादात मेंदूतही बदल आढळतात. दीर्घकालीन ताणामुळे अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे हॉर्मोन अधिक प्रमाणात स्रवते आणि त्याचा अश्वमीन भागावर अनिष्ट परिणाम होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. ज्यांना वारंवार अवसाद झाला, त्यांच्यात हा भाग लहान असल्याचे यीव्हेट शेलाइन यांनी १९९६ साली चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांवरून दाखविले. उतारवयात प्रथमच उद्भवणाऱ्या अवसादात पुष्कळदा ललाट खंडाला जोडणाऱ्या श्वेत द्रव्यातील रक्तपुरवठा बिघडलेला असतो. अशा रुग्णांत निरुत्साह व नियोजनातील दोष ठळक असतात आणि औषधांचा गुण सावकाश येतो.

आभासी बुद्धिभ्रंश बरा होत असला, तरी त्यातून उठलेल्या काही रुग्णांना पुढील काही वर्षांत खरा बुद्धिभ्रंश जडतो. त्यांच्यातील अवसाद हा येऊ घातलेल्या विकाराचा पूर्वसूचक असू शकतो. म्हणून रुग्ण बरा झाल्यावरही त्याची ठराविक काळाने तपासणी करणे इष्ट ठरते.

मुग्धभ्रांती : बोलीभाषेत ‘वात झाला’ असे ज्या स्थितीला म्हणतात, ती शास्त्रीय दृष्ट्या मुग्धभ्रांती होय. ती काही तासांत किंवा दिवसांत उद्भवते. रुग्णाची शुद्ध गढूळ होते, अवधान क्षणभरही टिकत नाही, स्थळकाळाचे भान सुटते, नसलेल्या वस्तू वा माणसे दिसतात आणि ही लक्षणे दिवसभरात कमीजास्त होतात. रात्री ती बळावतात. काही रुग्ण आरडाओरडा करतात, तर काही निपचित पडून राहतात. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांकडे सहज दुर्लक्ष होते. एंगेल व रोमानो यांनी १९५९ साली या विकाराला मेंदूच्या चयापचयातील अपुरेपणा मानले. मेंदूच्या विद्युत् आलेखातील मंदावलेल्या लहरी त्याची साक्ष देतात.

याचे मूळ बहुधा मेंदूबाहेर असते. फुप्फुसशोथ, मूत्रमार्गातील संसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम घटणे, मोठी शस्त्रक्रिया, तुंबलेली लघवी, मद्य एकाएकी बंद होणे आणि झोपेच्या, सर्दीच्या वा इतर औषधांचा अतिरेक ही त्याची नेहमीची कारणे होत. ज्याचा मेंदू आधीच दुबळा झाला आहे, त्याला क्षुल्लक कारणही पुरते. मुग्धभ्रांती ही वैद्यकीय तातडीची अवस्था आहे. कालपर्यंत व्यवस्थित असलेले वृद्ध आज असंबद्ध बोलू लागले, तर त्यास वयाचा दोष न समजता त्याच दिवशी शारीरिक तपासणी करून घ्यावी.

छिन्नमानस व उद्दीपन-अवसाद चित्तविकृती : एमील क्रेपेलीन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छिन्नमानसाला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ या अर्थाचे नाव दिले होते, तारुण्यात सुरू होऊन बुद्धीचा अटळ ऱ्हास करणारा तो विकार आहे, असे त्यांचे मत होते. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली आजचे नाव रूढ केले. छिन्नमानसात मेंदूची विवरे विस्तारलेली असतात, हे जॉनस्टन, क्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली संगणकीय क्ष-किरण छेददर्शनाने दाखविले. अवधान, कार्यकारी स्मृती व नियोजन यांतील दोष बहुसंख्य रुग्णांत असतात. ते पहिल्या झटक्यापूर्वीही अंशतः उपस्थित असतात आणि त्यानंतर बहुतेकांत बऱ्याच अंशी स्थिर राहतात. क्रेपेलीन यांचे भाकीत या दृष्टीने पूर्णपणे खरे ठरले नाही. मानफ्रेट ब्लॉयलर यांनी वीस वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी बरेच जण सुधारले होते.

मनोरुग्णालयांत दशकानुदशके राहिलेल्या रुग्णांची शून्य मुद्रा व अबोलपणा यांचे सारे श्रेय विकाराला देता येत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. जॉन विंग व जॉर्ज ब्राउन यांनी तीन इंग्लिश रुग्णालयांचा अभ्यास करून १९७० साली असे दाखविले, की जेथे रुग्णांना काम, वस्तू व माणसांचा सहवास कमी मिळत होता, तेथे ही लक्षणे अधिक तीव्र होती. मात्र वृद्धापकाळी छिन्नमानसाच्या रुग्णांना बुद्धिभ्रंशाचा धोका इतरांच्या सु. दुप्पट असतो, असे डेन्मार्कमधील २०१५ च्या एका मोठ्या पाहणीत आढळले. मधुमेह, धूम्रपान, हृद्‌विकार व एकाकीपणा या गोष्टी अशा रुग्णांत अधिक असतात आणि त्यांच्या शारीरिक आजारांकडे दुर्लक्षही होते.

उद्दीपन-अवसाद चित्तविकृतीत दोन झटक्यांमधील निरोगी काळातही अवधान व स्मृती यांत सौम्य उणीव राहू शकते. झटक्यांची संख्या जितकी अधिक, तितकी ती ठळक असते. या विकारावर जॉन केड यांनी १९४९ साली पुढे आणलेले लिथियम हे औषध गुणकारी आहे. परंतु वाढत्या वयात मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यामुळे ते रक्तात साठते आणि हातांची थरथर व मानसिक गोंधळ निर्माण करते. अशा वेळी औषधाचा दुष्परिणाम हाच बुद्धिभ्रंश समजला जाण्याचा संभव असतो.

बुद्धिभ्रंश : पूर्वी प्राप्त केलेली बोधनक्षमता मेंदूच्या विकाराने इतकी कमी होणे, की दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करता येऊ नयेत, याला बुद्धिभ्रंश म्हणतात, व्यवहारात स्मृतिभ्रंश हा शब्दही प्रचलित आहे. हा एक रोग नसून अनेक रोगांतून उद्भवणारा लक्षणसमूह आहे.

त्यांतील सर्वाधिक आढळणारा आल्त्सहायमर विकार होय. आलोइस आल्त्सहायमर या जर्मन वैद्यांनी १९०१ साली फ्रँकफर्ट येथे एका ५१ वर्षांच्या स्त्रीला तपासले होते. पतीविषयी संशय, स्मृतिनाश व भाषेतील बिघाड ही तिची लक्षणे होती. १९०६ साली ती मरण पावल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेन येथे आपले निष्कर्ष मांडले. कोशिकांबाहेर साचलेल्या चकत्या आणि कोशिकांच्या आतील तंतूंचे गुंते हे दोन बदल त्यांना दिसले होते. क्रेपेलीन यांनी १९१० साली या विकाराला त्यांचे नाव दिले. चकत्या बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या व गुंते टाऊ प्रथिनाचे असतात, हे १९८० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. हा विकार केवळ मध्यम वयाचा असल्याचे प्रारंभी मानले जाई. ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी १९६८ साली न्यूकॅसल येथील शवपरीक्षांवरून वृद्धांचा तथाकथित जराजन्य बुद्धिभ्रंशही बहुशः हाच विकार असल्याचे दाखवून दिले. तेव्हापासून तो वयाचा अपरिहार्य शेवट न मानता एक रोग म्हणून अभ्यासला जाऊ लागला.

हाइको व एफा ब्राक यांनी १९९१ साली दाखविल्याप्रमाणे टाऊचे गुंते प्रथम अश्वमीनाच्या लगतच्या बाह्यकात दिसतात व तेथून क्रमाने पसरतात. म्हणूनच अलीकडच्या घटनांची स्मृती आधी जाते व बालपणीच्या आठवणी उशिरापर्यंत टिकतात. या विकारात अश्वमीन भागाची वार्षिक घट प्रकृत वार्धक्यातील घटीच्या तिपटीहून अधिक असते. प्रकृत विसराळूपणाहून एक गुणात्मक फरकही असतो : खूण पटविल्यानेही आठवण येत नाही, कारण तिची नोंदच झालेली नसते.

रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणारा बुद्धिभ्रंश मेंदूच्या लहानमोठ्या आघातांनंतर पायरीपायरीने वाढतो. ल्यूई पिंडांच्या बुद्धिभ्रंशात कंपवाताची लक्षणे, दिवसागणिक बदलणारी शुद्ध आणि माणसे व प्राणी स्पष्ट दिसण्याचे निर्वस्तुभ्रम असतात. मनोविकारांवरील काही औषधे या रुग्णांना अपायकारक ठरतात. ललाट व शंखक खंडांच्या ऱ्हासात स्मृती प्रारंभी शाबूत राहते; बदलतो तो स्वभाव. संयमी मनुष्य उधळा, निर्लज्ज किंवा भावनाशून्य होतो. हा विकार बहुधा साठीच्या आत सुरू होत असल्यामुळे त्याला मनोविकार, व्यसन वा दुर्वर्तन समजले जाते आणि निदानापूर्वी कुटुंबाची मोठी हानी होते.

उपचारसाध्य शारीरिक कारणे : ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, अवटू ग्रंथीची मंदता, डोक्याला मार लागल्यावर मेंदूवरील आवरणाखाली साचलेले रक्त आणि मेंदूतील द्रवाचा निचरा नीट न होणे ही बुद्धिभ्रंशसदृश लक्षणांची अशी कारणे आहेत, की ज्यांवर वेळीच उपचार केल्यास पुष्कळ सुधारणा होते. भारतातील शाकाहारी लोकांत ब१२ ची न्यूनता वारंवार आढळत असल्याने आपल्याकडे ही साधी रक्ततपासणी विशेष महत्त्वाची आहे. शेवटच्या कारणात अडखळती चाल व लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे जोडीने असतात. सालोमोन हाकिम व रेमंड ॲडम्स यांनी १९६५ साली त्याचे वर्णन केले.

व्यवच्छेदक निदान : निदानाचा मुख्य आधार म्हणजे निकटच्या माणसाने सांगितलेला वृत्तांत. प्रारंभ कधी झाला हा पहिला प्रश्न होय : मुग्धभ्रांतीचा प्रारंभ तासा-दिवसांत, अवसादाचा काही आठवड्यांत आणि आल्त्सहायमर विकाराचा इतक्या हळूहळू होतो, की कुटुंबीयांना तो सांगता येत नाही. दुसरा प्रश्न तक्रार कोणाची हा होय. अवसादाचा रुग्ण स्वतःच्या विस्मरणाविषयी स्वतः व वारंवार तक्रार करतो आणि चाचणीत प्रयत्न न करता ‘मला येत नाही’ असे म्हणतो. बुद्धिभ्रंशाच्या रुग्णाला आपली उणीव बहुधा जाणवत नाही. तो चुकीचे पण आत्मविश्वासाने उत्तर देतो, थट्टेवारी नेतो किंवा उत्तरासाठी पत्नीकडे पाहतो. तक्रार घरच्यांची असते. मुग्धभ्रांतीच्या रुग्णाचे अवधानच टिकत नसल्याने त्याची चाचणी पुरी होत नाही. तिसरा प्रश्न पूर्वेतिहासाचा : आधी अवसाद झाला होता का, अलीकडे वियोग घडला का, कोणती औषधे चालू आहेत. रुग्ण घेत असलेली सर्व औषधे एका पिशवीत घालून आणण्यास सांगावे, ही जुनी सूचना अद्यापही अत्यंत उपयुक्त आहे.

फोल्स्टाइन यांनी १९७५ साली तयार केलेली ३० गुणांची संक्षिप्त चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यात वाचन, लेखन व आकृती काढणे अंतर्भूत असल्यामुळे निरक्षर व्यक्तीला कमी गुण मिळतात व निरोगी असूनही ती रोगी ठरते. यासाठी हरियाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण वृद्धांकरिता तिची हिंदी आवृत्ती तयार करण्यात आली व १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. मराठी ग्रामीण भागातही हेच तत्त्व पाळावे लागते. इंग्रजी महिन्याची तारीख न सांगता येणारी वृद्धा तिथी, सण किंवा आठवडे बाजाराचा वार अचूक सांगत असेल, तर तिचे कालभान शाबूत आहे असेच समजले पाहिजे.

बोधनाची राखीव शक्ती : मेंदूतील विकृती व प्रत्यक्ष लक्षणे यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. कॅट्समन व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८८ साली शवपरीक्षेत असे मेंदू आढळले, की ज्यांत आल्त्सहायमर विकाराचे बदल पुरेपूर होते. पण त्या व्यक्तींचे बोधन हयातीत चांगले होते. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली अमेरिकेतील ६७८ जोगिणींच्या दीर्घकालीन अभ्यासास प्रारंभ केला; त्यातही अशी उदाहरणे मिळाली. शिक्षण, बौद्धिक व्यवसाय व सामाजिक संबंध यांमुळे मेंदूत पर्यायी मार्ग तयार होतात व ते हानी काही काळ भरून काढतात, अशी याची उपपत्ती याकोव्ह स्टर्न यांनी मांडली. हैदराबाद येथील निजाम आयुर्विज्ञान संस्थेत सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी तपासलेल्या ६४८ रुग्णांत एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत बुद्धिभ्रंश सु. साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. मात्र राखीव शक्ती रोग थांबवीत नाही; ती केवळ लक्षणे पुढे ढकलते.

उपचार व प्रतिबंध : अवसादावर औषधे, मानसोपचार आणि तीव्र अवस्थेत विद्युत् आघात उपचार परिणामकारक ठरतात, वय हे त्यांच्या आड येत नाही. मुग्धभ्रांतीत मूळ कारण दूर करणे, पुरेसे पाणी, उजेड, चष्मा व श्रवणयंत्र जवळ असणे आणि परिचित माणसाचा सहवास हेच मुख्य उपचार होत. आल्त्सहायमर विकारात डोनेपेझिलसारखी, ॲसिटिलकोलिनाचे विघटन रोखणारी औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात. मेंदूतील अमायलॉइड काढून टाकणारी लेकानेमॅब व डोनानेमॅब ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ व २०२४ साली मान्य झाली. ती प्रारंभीच्या अवस्थेतील ऱ्हासाचा वेग थोडा कमी करतात. पण मेंदूला सूज येणे वा रक्तस्राव होणे हा त्यांचा धोका असून गेलेली स्मृती त्यांनी परत येत नाही. बुद्धिभ्रंशाच्या रुग्णांना शांत करण्यासाठी दिलेल्या मनोविकृतिरोधक औषधांनी मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. त्यामुळे अशी औषधे शेवटचा उपाय म्हणून व अल्पकाळच वापरावीत.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ञमंडळाने २०२४ साली बुद्धिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोके नमूद केले. त्यांत अल्प शिक्षण, बहिरेपणा, अतिरिक्त रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अवसाद, एकाकीपणा व दृष्टिदोष यांचा समावेश आहे. हे सर्व दूर झाल्यास सु. ४५ टक्के रुग्णांतील विकार टळू शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. अवसादाचा या यादीत समावेश होणे अर्थपूर्ण आहे. मनाच्या विकारावर केलेला उपचार हा मेंदूच्या रक्षणाचाही एक भाग ठरतो.

भारतातील स्थिती : २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील सु. ७·४ टक्के, म्हणजे सु. ८८ लाख व्यक्तींना बुद्धिभ्रंश असावा. स्त्रियांत व ग्रामीण भागांत हे प्रमाण अधिक आहे. यांपैकी बहुतेकांची देखभाल घरीच होते आणि तिचा भार मुख्यतः पत्नी, सून किंवा मुलगी यांच्यावर पडतो. दागिना चोरल्याचा आळ, जेवूनही उपाशी ठेवल्याची तक्रार, मध्यरात्री घराबाहेर पडणे यांना रोगाची लक्षणे न समजता हट्ट किंवा खोडसाळपणा समजल्यास घरात कलह निर्माण होतो. निदान समजल्यामुळे रोग बरा होत नसला, तरी ही कटुता पुष्कळ कमी होते. पालक व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा आणि मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा यांनी अनुक्रमे वृद्धांचा निर्वाहाचा व मनोरुग्णांचा उपचाराचा हक्क मान्य केला आहे. निर्णयक्षमता टिकून आहे तोवरच पुढील उपचारांविषयी लेखी इच्छा नोंदवून ठेवण्याची सोय दुसऱ्या कायद्यात आहे. निदान उशिरा झाले, तर ही संधी रुग्णाच्या हातून निघून जाते.

सारांश, वार्धक्य बोधनाची गती कमी करते. त्याचा नाश करीत नाही. वृद्धापकाळी बोधनक्षमता ढासळू लागल्यास त्यामागे कारण असते व ते शोधावे लागते. ते अवसाद, संसर्ग, औषध किंवा जीवनसत्त्वाची न्यूनता असे असेल, तर रुग्णाला त्याची पूर्वीची बुद्धी पुष्कळशी परत मिळू शकते. ते अपरिवर्तनीय असले, तरी रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना तयारीसाठी वेळ मिळतो. केवळ ‘वय झाले’ असे म्हणून तपासणी टाळली, तर या दोन्ही शक्यता नाहीशा होतात.